ते मूळ चित्र कुठे आहे?

आपल्या घरांतल्या भिंतींचे काही अलिखित नियम आहेत. स्वयंपाकघरात कॅलेंडर, पॅसेजमध्ये लग्नाचे आणि बारशाचे फोटो, आणि दिवाणखान्यात सोफ्याच्या रंगाला 'जाणारं' एखादं मोठ्ठं चित्र. हे चित्र बहुतेक वेळा सोफ्याच्याच दुकानातून, पडदे-उशांबरोबर आलेलं असतं. सात घोडे धावताहेत नाहीतर पाचूसारख्या तळ्यात दोन हंस. कुणी काढलंय हो, असं विचारून बघा. घरातल्या एकालाही सांगता येत नाही. कारण ते कुणी 'काढलेलं' नसतंच, छापलेलं असतं. अगदी तस्संच शेजारच्या सोसायटीतही असतं.

आणि दुसरीकडे बघा. ज्या चित्रकारांची नावं आपल्याला तोंडपाठ आहेत, त्यांचं हाताने काढलेलं एकही चित्र आपल्या घरात नसतं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांच्या नायिका बघत आपल्या आया-आज्यांची दुपार जायची. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा घरात लपवून वाचल्या जायच्या आणि मुळगावकरांचं मुखपृष्ठ मात्र उघड्यावर कौतुकाने बघितलं जायचं. पु. लं.च्या पुस्तकांतली माणसं आठवली की वसंत सरवटे यांची रेषा आठवते. शि. द. फडणीसांचं 'मोहिनी'चं ते मुखपृष्ठ, ज्यात एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, ते तर एकही शब्द नसताना तीन पिढ्यांना हसवत आलंय. पुढे आमच्या पिढीला अमर चित्र कथेतले राम वाईरकरांचे कृष्ण आणि 'टिंकल'मधला सुपंडी भेटला. १९९१ पासून रोज सकाळी चहाबरोबर 'चिंटू' आला.

ही सगळी चित्रं आपण छापलेली बघितली. पण मला सांगा, छापण्याआधी ती कशावर तरी, कुणीतरी, हाताने काढली असतील ना? मग ते मूळ चित्र कुठे आहे?

हा प्रश्न मला पडला तो एका मैत्रिणीच्या घरी. तिने एका चित्रकथेचं एक मूळ पान फ्रेम करून लावलं होतं. जवळ गेले आणि तिथेच उभी राहिले. पहिली गोष्ट म्हणजे ते छापलेल्या पानापेक्षा खूप मोठं होतं. चित्रकार मुद्दाम मोठं काढतात आणि छापताना ते लहान केलं जातं, म्हणजे रेषेतली बारीकसारीक थरथर लपते. दुसरं, काळ्या शाईच्या खाली फिकट निळ्या पेन्सिलीच्या रेघा दिसत होत्या. छपाईसाठी फोटो काढताना तो फिकट निळा रंग उमटत नसे, म्हणून कच्चं रेखाटन निळ्यात करायचं आणि खोडत बसायचं नाही, अशी ती युक्ती. एका चेहऱ्यावर पांढरा रंग लावून डोळा पुन्हा काढला होता. संवादाचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले, त्यातला एक सुटून आलेला. समासात कुणीतरी मापं लिहिली होती आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा अर्धगोल डाग.

छापलेल्या चित्रकथेत राजा रागावलेला दिसतो. मूळ पानावर चित्रकाराने त्याला आधी हसरा काढला होता आणि मग विचार बदलला होता, हे दिसतं. आपण कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावून काम चाललेलं बघतोय, असं वाटतं. स्वयंपाक येणाऱ्या बाईला ताटातला पदार्थ चाखून, फोडणी कधी पडली असेल ते कळतं ना, तसंच काहीसं. छापलेल्या प्रतीत हे सगळं धुऊन-पुसून गेलेलं असतं.

मग अशी लाखो पानं गेली कुठे? उत्तर साधं आहे आणि वाईटही आहे. चित्र छापण्यासाठी होतं, ठेवण्यासाठी नव्हतं. पूर्वी चित्र ब्लॉकमेकरकडे जायचं, त्याचा फोटो निघायचा, जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरून ब्लॉक तयार व्हायचा. ब्लॉक झाला की मूळ कागदाचं काम संपलं. तो छापखान्यात पडून राहायचा, त्यावर कुणी हिशेब लिहायचं, कुणी डबा ठेवायचं. अंक निघाला की जागा हवी म्हणून गठ्ठा बाहेर. उरलेलं काम वाळवीने आणि कसरीने केलं. चित्रकारालाही पुढच्या अंकाची घाई असायची, मागचं परत मागायला वेळ कुणाला होता! आणि मागितलं तरी मिळेल याची खात्री नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. अमेरिकेत जॅक कर्बी नावाचा चित्रकार होऊन गेला. कॅप्टन अमेरिका, हल्क, एक्स-मेन अशा मंडळींना रूप देणारा. त्याने प्रकाशकासाठी हजारो पानं काढली. ती परत मिळावीत म्हणून त्याला म्हातारपणी झगडावं लागलं. इतर चित्रकारांनी त्याच्यासाठी आवाज उठवला, तेव्हा कुठे १९८७ मध्ये सुमारे १९०० पानं हाती आली. बाकीची गेली ती गेलीच.

हाच अनुभव मी आमच्या जुन्या वाड्यात फार जवळून बघितला. वरच्या मजल्यावरचे काका दिवसा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि रात्री मासिकांसाठी कथाचित्रं काढायचे. काका बाह्यरेषा काढून ठेवायचे आणि काळे भाग भरायला काकू बसायच्या. नायिकेचे केस, रात्रीचं आकाश, खलनायकाचा कोट, हे सगळं काकूंच्या ब्रशचं. चित्राखाली सही अर्थातच एकट्या काकांची. काका गेल्यावर काकू एका मासिकाच्या कचेरीत चित्रं मागायला गेल्या. "अहो, ती कधीच रद्दीत गेली," असं उत्तर मिळालं. वर, "आता कशाला हवीत तुम्हाला?" हेही. घरात पत्र्याच्या ट्रंकेत, काही कारणाने छापायची राहून गेलेली अकरा चित्रं तेवढी उरली. पंचवीस-तीस वर्षांच्या कामातली अकरा.

गेल्या वर्षी एक संग्राहक त्यांच्याकडे आला. त्याला त्यातली दोन विकत हवी होती. काकूंनी मला फोन केला, "विकू का गं? ह्यांची आठवण विकली म्हणतील लोक." त्यांच्या मुलाचंही तेच मत होतं, की बापाची चित्रं कशी विकायची! मी म्हटलं, "काकू, इतकी वर्षं ती ट्रंकेत होती तेव्हा कुणी विचारलं होतं का?" त्यांनी दोन चित्रं दिली. आलेल्या पैशातून उरलेल्या नऊ चित्रांना नीट माउंट आणि फ्रेम करून घेतलं आणि थोडे स्वतःच्या खात्यात टाकले. मला म्हणाल्या, "इतके केस काळे केले मी त्या बायकांचे, पहिल्यांदा पैसे दिसले बघ!"

माझं स्पष्ट मत आहे, की जो माणूस चित्र भिंतीवर लावून त्याची काळजी घेणार आहे, त्याला ते विकण्यात कसलाही कमीपणा नाही. विकलं गेलेलं चित्र जगण्याची शक्यता जास्त. कारण ज्याला किंमत मोजावी लागते, तो ते रद्दीत टाकत नाही. आठवणीच्या नावाखाली माळ्यावर कुजत ठेवलेलं चित्र मात्र पुढच्या साफसफाईत हमखास जातं.

आता दुसऱ्या टोकाबद्दलही बोलायला हवं. एर्जे या बेल्जियन चित्रकाराने टिनटिनच्या 'ब्लू लोटस' या पुस्तकासाठी १९३६ मध्ये एक मुखपृष्ठ रंगवलं होतं. ते रंगीत छापणं फार महाग पडेल म्हणून बाजूला पडलं. प्रकाशकाच्या घरच्यांच्या सांगण्यानुसार ते त्यांच्या छोट्या मुलाला भेट मिळालं आणि त्याने घडी घालून खणात ठेवून दिलं. २०२१ च्या जानेवारीत पॅरिसच्या लिलावात घडीच्या खुणांसकट त्याचे सुमारे ३२ लाख युरो आले. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, अमेरिकेत स्पायडरमॅनच्या १९८४ मधल्या एका अंकाचं एकच पान साडेतेहेतीस लाख डॉलरना गेलं.

असे आकडे वाचले की आपल्याकडे लगेच 'इन्व्हेस्टमेंट'ची भाषा सुरू होते. फ्लॅट, सोनं, म्युच्युअल फंड आणि आता चित्रं! मैत्रिणींनो, या भानगडीत पडू नका, असं मी कळकळीने सांगेन. लाखात एका चित्राची बातमी होते. बाकीची आपल्याला आवडतात म्हणूनच घ्यायची असतात. उद्या भाव वाढला नाही तरी रोज सकाळी बघून बरं वाटेल का, हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. मला त्या कोट्यवधींच्या लिलावांपेक्षा २००८ मधली एक गोष्ट जास्त आवडते. स्पायडरमॅन जिथे पहिल्यांदा अवतरला, त्या १९६२ च्या अंकाची स्टीव्ह डिटकोने काढलेली २४ मूळ पानं कुणीतरी अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ला देऊन टाकली. नाव न सांगता. विकली असती तर काय मिळालं असतं, कल्पना करा!

"पण ही काही खरी कला नव्हे," असं म्हणणारेही भेटतात. कथेसाठी काढलं, कॅलेंडरसाठी काढलं, म्हणजे ते 'बाजारू'. खरा चित्रकार म्हणजे कॅनव्हासवाला. मला हा सोवळेपणा पटत नाही. अहो, चौकटीची मापं दुसऱ्याने ठरवलेली, मजकूर दुसऱ्याचा, उद्या संध्याकाळपर्यंत हवं म्हणून माणूस दारात उभा, छपाई बेताची, आणि एवढ्यातून जो वाचकाला पानावर थांबवतो, त्याची कला कमी कशी? उलट अशा अडचणीतच हातखंडा कळतो. चार माणसांच्या सामानात दहा जणांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. आणि तिच्याही कामाला कुणी कला म्हणत नाही, नाही का!

या सगळ्यात बाईचा संबंध काय, असं कुणी विचारेल. माझ्या मते तर सगळा संबंध तिचाच आहे. घरात काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचा निवाडा दिवाळीच्या साफसफाईत बहुतेक घरी बाईच करते. चित्रकारांच्या ट्रंका सांभाळल्या त्या त्यांच्या बायकांनी, मुलींनी, सुनांनी. काही ठिकाणी तर ब्रशही पुढे चालवला. राम वाईरकरांनी उभा केलेला सुपंडी त्यांच्या मागे त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर यांनी काढला. मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांत पद्मा सहस्रबुद्धे यांचं नाव आहे. तरीही 'चित्रकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दाढीवाला पुरुषच येतो.

आणि भिंतीवर काय लागेल, हे ठरवण्याचा हक्क? तो मात्र अजून कितीतरी घरांत सासऱ्यांचा, नवऱ्याचा किंवा इंटीरियर करणाऱ्याचा असतो. दागिना घेताना आपल्याला कुणी अडवत नाही, कारण तो 'घराचा' असतो, अडीनडीला मोडता येतो. पण दीड-दोन हजारांचं एखादं मूळ रेखाटन घेतलं, की "कागदाचे एवढे पैसे?" मी घेतलेलं पहिलं चित्र १५०० रुपयांचं होतं. एका बालकथेसाठी काढलेली, झाडावर चढून बसलेली फ्रॉकमधली मुलगी. घरात दोन दिवस त्यावर चर्चा झाली. त्याच आठवड्यात आम्ही पाच जण हॉटेलात जेवून जवळपास तेवढेच पैसे देऊन आलो, त्यावर चर्चा झाली नाही.

म्हणून आम्ही सहा मैत्रिणींनी भिशीला वेगळं वळण दिलं. दर महिन्याला जिची पाळी, तिने त्या पैशातून एक मूळ चित्र घ्यायचं. अट एकच, ते तिला स्वतःला आवडलं पाहिजे. सोफ्याला शोभतं की नाही, हे विचारायचं नाही. एकीने व्यंगचित्र घेतलं, एकीने दिवाळी अंकासाठी काढलेलं कथाचित्र, तर एकीने विज्ञानाच्या पुस्तकातलं बेडकाचं रेखाटन. ज्या पैशांची पूर्वी स्टीलची भांडी व्हायची, त्यांतून सहा घरांच्या भिंती बदलल्या.

घ्यायचं झालं तर काही गोष्टी माहीत असाव्यात. शक्यतो थेट चित्रकाराकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून घ्यावं. प्रदर्शनात भेटलात की सरळ विचारा, "मूळ चित्र विकायला आहे का?" त्यांना राग येत नाही, आनंदच होतो. घेण्याआधी एक साधं भिंग लावून बघा. छापलेल्या चित्रात बहुधा बारीक रंगीत ठिपके दिसतात, हाताने काढलेल्या चित्रात शाईचा ओघ आणि कागदाचा पोत दिसतो. हल्ली बरेच चित्रकार टॅब्लेटवर काम करतात. त्याला मूळ कागद नसतोच. अशा वेळी सही केलेली प्रिंट मिळते. ती जरूर घ्या, पण तिला प्रिंटच म्हणा आणि प्रिंटचीच किंमत द्या. चित्र कशासाठी, कोणत्या साली काढलं, हे चित्रकाराच्या हस्ताक्षरात लिहून घ्या आणि ज्या अंकात छापलं तो अंक मिळाला तर चित्राबरोबर जपा.

कायद्याचंही थोडं. चित्र तुमच्या मालकीचं झालं म्हणजे ते छापायचा हक्क तुमचा झाला, असं नाही. कॉपीराइट वेगळा असतो आणि आपल्याकडे तो चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. तेव्हा घरातल्या चित्राच्या पत्रिका किंवा मग छापायच्या तर आधी परवानगी घ्या. दुसरी तरतूद फारच थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे घातलेल्या ५३ अ या कलमानुसार, मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर हक्काचा पहिला मालक असलेल्या चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. चित्रकारांच्या घरच्या बायकांनी हे कलम लिहूनच ठेवावं.

आणि जपणूक. आपल्या हवेत, त्यातून कोकणात आणि मुंबईत, कागदाचा शत्रू पावसाळा. चित्र बाहेरच्या ओलसर भिंतीवर लावू नका, थेट उन्हातही नको. चित्र आणि काच यांच्यात माउंटची फट हवी, कारण काचेला चिकटलेला कागद सुटत नाही. आम्लविरहित माउंटबोर्ड मागा, थोडा महाग पडतो पण कागद पिवळा होत नाही. सेलोटेप लावायची नाही म्हणजे नाही! काही वर्षांत तिचा तपकिरी डाग पडतो तो जात नाही. लॅमिनेशन तर चित्राचा खूनच. घडी घालू नका, गुंडाळी करून रबर लावू नका. काळी भारतीय शाई टिकते, स्केचपेनचे रंग मात्र उडतात, ते लक्षात ठेवून जागा निवडा.

पण सगळं घराघरांवर सोडून चालणार नाही. बंगळुरूमध्ये २००७ पासून व्यंगचित्रांची कायमची गॅलरी आहे. गोव्यात मारिओ मिरांडांच्या चित्रांची गॅलरी आहे. आपल्याकडे १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आपण अभिमानाने सांगतो. दलालांनी तर १९४५ मध्ये स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं. २०२५ च्या जुलैत शि. द. फडणीसांनी शंभरी पूर्ण केली, तेव्हा सगळ्यांनी भरभरून लिहिलं. त्या लिहिण्याबरोबरच कथाचित्रं, मुखपृष्ठं आणि चित्रकथांची मूळ पानं एकत्र ठेवणारी, सामान्य माणसाला तिकीट काढून बघता येईल अशी एक मोठी, कायमची जागा महाराष्ट्रात व्हायला हवी. आणि प्रकाशकांनी चित्र छापून झालं की ते चित्रकाराच्या हाती परत देण्याचा नियम पाळावा. दुधाची बाटली परत करायची पद्धत आपण वर्षानुवर्षं पाळली, मग हे का जमू नये?

ते होईल तेव्हा होईल. तोवर एक करा. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी जुनी फाइल, जाड पुठ्ठ्यांचा गठ्ठा, दोरीने बांधलेला कागदांचा जुडगा खाली आला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तो सोडून बघा. शाईच्या खाली फिकट निळी रेघ दिसली, समासात मापं दिसली, तर थांबा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. जे टाकायचं ते टाकाच, पण बघून टाका.